पट्टा, धाव आणि विश्रांती

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात जांबे, तालुका मुळशी, येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, उद्योगधंदे अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. ज्याचा उभा जन्म शाळेच्या क्रीडांगणावर शिट्टी वाजवण्यात गेला, अशा माझ्यासारख्या शरीरशिक्षण-शिक्षकास त्या जागी उभे करण्यात कार्यकारिणीने औदार्य दाखवले, की धाडस केले, हे आपणच ठरवावे. विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आपल्या तरुण शाखेने निवडला आहे.

हकीकत अशी आहे. तरुण शाखेने मंडळाच्या व्यायाम-निधीतून मांडीला व दंडाला बांधावयाचे हवेचे पट्टे विकत घ्यावेत, असा अर्ज केला. हे पट्टे बांधून धावेचा तीव्र सराव केला असता थोड्या दिवसांत दम वाढतो, असे अर्जात म्हटले होते. वडील मंडळींपैकी कित्येकांना हा प्रकार केवळ खूळ वाटला. एका बाजूस उत्साह आणि दुसऱ्या बाजूस संशय, अशा स्थितीत कार्यकारिणीने मला सांगितले, की आपण यातील खरे-खोटे पाहून सभेपुढे ठेवावे. म्हणून मी आज वकिली करण्यासाठी आलो नसून निवाड्यास उपयोगी पडेल एवढी माहिती देण्यासाठी आलो आहे.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. जिची ती आहे त्या मुलाच्या संमतीने सांगतो. माझा एक भाचा पोलीस-भरतीची तयारी करीत होता. या भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, हे येथील पुष्कळ घरांना ठाऊक आहे. भाच्याने मोबाईलवर कोणा परदेशी खेळाडूस मांड्यांना पट्टे बांधून व्यायाम करताना पाहिले. पट्टा महाग, म्हणून त्याने सायकलीची जुनी ट्यूब कापली, दोन्ही मांड्यांना करकचून आवळली आणि चढावर धावण्यास सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मांड्यांवर काळेनिळे वळ उठले आणि एका तळपायास स्पर्श कळेनासा झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे धावणे बंद ठेवण्यास सांगितले. पाय सुदैवाने पूर्ववत झाला, परंतु त्या वर्षीची भरती गेली. या पोराने जे केले ते आळसाने केले नव्हते. अतिश्रमाच्या हौसेने केले होते. आळशी मुलास समजावणे सोपे असते. कष्टाळू मुलास आवरणे कठीण असते, आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

या विषयात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे तीव्र धाव आणि विश्रांती यांचा आलटून-पालटून केलेला व्यायाम, ज्यास इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. दुसरी म्हणजे पट्ट्याने रक्ताचा ओघ काही काळ मर्यादित करून केलेला व्यायाम. या दोहोंची ओळख प्रथम स्वतंत्रपणे करून घेऊ.

१९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने झाले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक दिले, ते याच सामन्यांत. त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकून जगास थक्क केले. झाटोपेकचा सराव असा होता, की लांब अंतर एका दमात मंदगतीने तोडण्याऐवजी त्याने ४०० मीटरचे तुकडे पाडले. एक तुकडा वेगाने, मग थोडे हलके धावणे, पुन्हा एक तुकडा वेगाने, आणि असे कितीतरी वेळा. त्याच्या आधी जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाने व हान्स राइंडेल या हृदयतज्ज्ञाने या पद्धतीस शास्त्राची बैठक दिली होती. नाडीचे ठोके मिनिटास १८० च्या सुमारास जाईपर्यंत धावावे आणि ते १२० पर्यंत उतरले, की पुढचा तुकडा घ्यावा. ठोके दीड मिनिटात उतरले नाहीत तर धाव फार तीव्र झाली असे समजावे, हा त्यांचा दंडक. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडले आणि तो विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला.

आता या दंडकातील मर्म पाहा. येथे विश्रांतीचेही मोजमाप आहे. नाडी खाली आली की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल नाही. आपल्या तालमीतले जुने वस्ताद नाडी मोजत नसत, परंतु पठ्ठ्याचा श्वास आणि चेहरा पाहून ‘बस, आता हौद्यातून बाहेर ये’ असे सांगत. तेही मोजमापच होते. मोजणारे यंत्र तेवढे वस्तादाच्या डोळ्यांत होते.

पुढे १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी केलेला प्रयोग जगप्रसिद्ध झाला. खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाने एका जागी स्थिर असलेल्या सायकलवर तासभर मध्यम गतीने व्यायाम केला. दुसऱ्याने २० सेकंद अतितीव्र व १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने केली. म्हणजे मूळ व्यायाम अवघा चार मिनिटांचा. सहा आठवड्यांनंतर प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती दोन्ही गटांत वाढली. परंतु प्राणवायू अपुरा असताना काम करण्याची शक्ती पहिल्या गटात वाढली नाही, दुसऱ्या गटात ती २८ टक्क्यांनी वाढली. थोड्या वेळात पुष्कळ लाभ असा हा सौदा असला, तरी त्या चार मिनिटांचे मोल फार जबर आहे, हे ज्याने ती केली असतील तोच जाणतो.

आता पट्ट्याकडे वळू. १९६६ साली जपानमध्ये योशिआकी सातो नावाचा एक तरुण बौद्ध धर्मविधीस बसला होता. गुडघे मुडपून टाचांवर फार वेळ बसल्याने त्याच्या पोटऱ्या बधिर झाल्या आणि फुगून आल्यासारख्या वाटू लागल्या. कठोर व्यायामानंतर पोटरीस असाच भरीवपणा येतो, हे त्याच्या लक्षात आले. मग रक्ताचा ओघ थोडा अडवून हलका व्यायाम केला, तर भारी व्यायामाचे फळ मिळेल काय, असा प्रश्न त्यास पडला. त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. त्यात एकदा रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन त्याच्या जिवावर बेतले होते. १९७३ साली बर्फावर घसरण्याच्या खेळात पाय मोडला, तेव्हा याच पद्धतीने त्याने स्वतःचा पाय सावरला. पुढे ही पद्धत ‘कात्सू’ या नावाने जगभर गेली. म्हणजे ज्याने ही विद्या शोधली, त्याने तिचा गुण आणि तिचा घात दोन्ही स्वतःच्या देहावर अनुभवले होते.

पट्टा नेमके काय करतो, हे सांगण्यासाठी मुळशीत मला दूर जावे लागत नाही. या भागात आज हिंजवडीच्या संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या असल्या, तरी भाताचे खाचर कसे असते, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. वरच्या खाचरातून पाणी येते, खालच्या बांधातील वाटेने ते पुढे जाते. खालची वाट बंद केली व वरची किंचित अरुंद केली, तर पाणी खाचरात साचते. शरीरात धमन्या रक्त आणतात व शिरा ते परत नेतात. शिरा त्वचेच्या जवळ व मऊ असतात. म्हणून बेताच्या दाबाने त्या प्रथम मिटतात. धमन्यांतून मात्र रक्त कमी प्रमाणात का होईना, येत राहते. रक्त स्नायूत साचते, प्राणवायू लवकर संपतो, श्रमाने निर्माण झालेली आम्ले बाहेर जात नाहीत. स्नायूस वाटते, की आपल्यावर मोठे संकट आले आहे. जे जलद व बळकट तंतू एरवी फक्त भारी ओझ्याच्या वेळी कामास लागतात, ते हलक्या ओझ्यासही धावून येतात. सर्वाधिक पेलता येणाऱ्या वजनाच्या २० ते ३० टक्के एवढ्या ओझ्याने, जे आपण एरवी व्यायामच समजणार नाही, स्नायूचे बळ वाढू शकते, ते यामुळे.

परंतु खाचरात पाणी किती दिवस साचू द्यावयाचे, हे शेतकरी जाणतो. पाण्यावाचून आवण वाळते आणि पाण्याखाली बुडून राहिले तर कुजते. बांध घालणाऱ्याची विद्या बांध घालण्यात नसून तो वेळेवर फोडण्यात आहे.

आता या दोन्ही गोष्टींचा संयोग. तरुण शाखेच्या अर्जाचा मुख्य आधार हाच होता. तीव्र धावेत स्नायूवर ताण येतो. विश्रांतीत तो ताण निवळतो. धावेनंतर लगेच पट्टा आवळून तो ताण आणखी काही काळ टिकवला, तर शरीर अधिक जुळवून घेईल काय? इंग्लंडमधील संशोधकांनी २०१६ साली हेच पाहिले. प्रशिक्षित सायकलपटूंनी चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, ३० सेकंदांच्या जीव तोडून केलेल्या धावा सायकलवर केल्या. एका गटाच्या मांड्यांना प्रत्येक धावेनंतर सुमारे दोन मिनिटे दाबाचे पट्टे लावले. दुसऱ्याने नुसती विश्रांती घेतली. पट्टेवाल्या गटात प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती ४.५ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटात ती वाढली नाही. स्नायूत नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्यास चालना देणाऱ्या खुणाही पट्ट्यानंतर अधिक आढळल्या.

तरुण मित्रांनो, एवढे वाक्य आपण अर्जात उतरवले होते. त्याच्या पुढचे वाक्य उतरवावयाचे राहिले. त्याच प्रयोगात सर्वांकडून १५ किलोमीटरची शर्यतही करवून घेतली होती, आणि तिच्या वेळेत कोणत्याच गटाची सुधारणा झाली नाही. शक्ती वाढली, घड्याळ मात्र हलले नाही. याचा अर्थ प्रयोग फसला असा नव्हे. दम, स्नायूंचे बळ, पावलांची लय, गतीचा अंदाज आणि मनाचा धीर एवढे सारे एकत्र येते तेव्हा शर्यत जिंकली जाते. पट्टा त्यांपैकी एखाद्या गोष्टीस हातभार लावू शकेल. बाकीच्या पट्ट्याने येत नाहीत. शिवाय असे प्रयोग थोड्या माणसांवर, थोड्या आठवड्यांसाठी झालेले असतात. त्यांवरून आशा धरावी, पैजा लावू नयेत.

मी हे कोणाचा उत्साह मोडण्यासाठी सांगत नाही. उच्च पातळीच्या खेळात अतिशय लहान लाभासही मोल असते, हे मला मान्य आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ३,००० मीटर स्टीपलचेस धावले. या शर्यतीत २८ अडथळे व पाण्याच्या ७ उड्या असतात. साबळ्यांची वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद, सुवर्णपदक मिळवणाऱ्या केनियाच्या धावपटूची ८ मिनिटे ११.१५ सेकंद. अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाचे! ज्यास एवढ्या अंतराने सुवर्ण हुकते, त्याने व त्याच्या प्रशिक्षकाने प्रत्येक नवी पद्धत तपासून पाहणे योग्यच आहे. परंतु साबळे त्या विसाव्या भागापर्यंत कसे पोहोचले, हे विसरू नये. लहानपणी शाळेसाठी तोडलेली मैलांची वाट, लष्करातील खडतर नोकरी, आणि मग वर्षानुवर्षांची शिस्तबद्ध धाव, एवढा पाया खाली आहे. कळस चढवण्याची चर्चा पाया झाल्यावर शोभते.

आता धोक्याविषयी स्पष्ट बोलतो. जपानमध्ये कात्सू वापरणाऱ्या केंद्रांची पाहणी होऊन २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा हजारांहून अधिक लोकांत त्वचेखाली रक्त साकळण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के, बधिरपणाचे १.३ टक्के, आणि शिरेत गुठळी होण्याचे ०.०५५ टक्के आढळले. गुठळीचे प्रमाण अल्प आहे, हे खरे. पण हे आकडे शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली, मापाच्या पट्ट्यांनी केलेल्या व्यायामाचे आहेत. सायकलीच्या ट्यूबचे नव्हेत.

पट्ट्यात माप म्हणजे काय? ज्या दाबाला त्या माणसाच्या त्या अवयवातील धमनीचा ओघ पूर्ण थांबतो, तो दाब आधी यंत्राने पाहतात आणि त्याच्या साधारण ४० ते ८० टक्के एवढाच दाब व्यायामात देतात. हा दाब माणसागणिक वेगळा असतो. मांडी जाड असेल तर अधिक लागतो, पट्टा रुंद असेल तर कमी पुरतो. म्हणून एका भावाचा आकडा दुसऱ्या भावास चालत नाही. दोरी, रबर वा फडके यांस आकडाच नसतो. ते धमनी बंद करते आहे की नाही, हे कळण्यास मार्ग नाही. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा फुगलेल्या शिरा आहेत, ज्यांच्या घरी रक्त गोठण्याचा विकार आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून या वाटेस जाऊच नये. सिकलसेलचा दोष ज्यांच्या रक्तात आहे त्यांनीही दूर राहावे. विदर्भात व आदिवासी भागात हा दोष आढळतो आणि कित्येकांना तो आपल्यात आहे हे ठाऊकही नसते. पट्टा असताना पाय बधिर झाला, रंग काळसर वा पांढराफटक पडला, मुंग्या आल्या, तर तत्क्षणी पट्टा सोडावा. नंतर पोटरी सुजली व दुखू लागली, किंवा दम लागून छातीत दुखू लागले, तर घरगुती लेप लावीत न बसता रुग्णालय गाठावे.

मग हा पट्टा निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. त्याचे खरे घर मला दुसरीकडे दिसते. कबड्डीच्या मैदानावर गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेली मुले आपण पाहतो. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे त्या पायावर ओझे टाकता येत नाही आणि मांडी डोळ्यांदेखत वाळते. अशा वेळी शिकलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हाताखाली, मापाचा पट्टा बांधून, अगदी हलक्या ओझ्याने तीस, मग पंधरा, पंधरा, पंधरा अशी आवर्तने केली असता मांडीचे बळ टिकवण्यास मदत होते. ज्यास ओझे उचलता येत नाही त्यास ओझ्यावाचून ताण देणे, हे पट्ट्याचे मुख्य काम. ज्याचा पाय धडधाकट आहे, ज्याने अजून वर्षभर नियमाने धावही केलेली नाही, त्याने पट्ट्यासाठी पैसे मागणे म्हणजे पायवाट चालण्यापूर्वी कुबडीची मागणी करणे होय.

आता सभेपुढे माझे निवेदन. अर्ज फेटाळू नये आणि जसाच्या तसा मंजूरही करू नये. पहिल्या वर्षी निधीतून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, भरतीस व स्पर्धेस बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची वैद्यकीय तपासणी. दुसरी, अंतर मोजून आखलेली धावेची जागा व दोन स्टॉपवॉच. तिसरी, आठवड्यातून दोन दिवस जाणता प्रशिक्षक. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल येथून फार दूर नाही; तेथील जाणकारांचा सल्ला घेणे आपणांस अवघड नाही.

त्या वर्षात सराव साधा असावा. जो मुलगा १६०० मीटर सहा मिनिटांत तोडतो, त्याचे ४०० मीटर सरासरी ९० सेकंदांचे असतात. त्याने आठवड्यातून दोनच दिवस, अंग नीट तापवून, ४०० मीटरचे चार-पाच तुकडे ८५ सेकंदांच्या आसपास धावावेत, मध्ये नाडी उतरेपर्यंत चालावे, आणि शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच निघाला तर पुढे एक तुकडा वाढवावा. बाकीचे दिवस हलके धावणे, जोर-बैठका आणि झोप. ही झोप मी विनोदाने सांगत नाही. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणाऱ्या मुलास कोणताही पट्टा तारू शकणार नाही.

वर्षअखेर ज्यांची वही भरलेली असेल, म्हणजे तारीख, तुकडे, वेळ आणि नाडी लिहिलेली असेल, त्यांच्यासाठी व जायबंदी खेळाडूंसाठी दाबाचे माप असलेले पट्टे जरूर घ्यावेत; परंतु ते एका शिकलेल्या व्यक्तीच्या ताब्यात राहावेत, कोणाच्याही घरी जाऊ नयेत. दोरी, रबर वा ट्यूब बांधून कोणी धावताना दिसला, तर ज्याच्या दृष्टीस पडेल त्या वडीलधाऱ्याने ती तेथेच सोडवावी.

खाशाबा हेलसिंकीस गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशावर. त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकल्याचे आपण सर्वांनी ऐकले आहे. समाजाने खेळाडूच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, ते यावरून कळते. आपला निधीही घराघरातून आलेल्या थोड्या थोड्या पैशाचा आहे. तो खर्च करावयाचा तो मुलांच्या उतावळेपणावर नव्हे आणि वडिलांच्या भीतीपोटी पेटीत कुलूपबंद ठेवण्यासाठीही नव्हे.

माझा भाचा आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. तो पुन्हा धावू लागला आहे. त्याच्या खिशात आता ट्यूबचा तुकडा नसून एक लहान वही असते. परवा मी ती पाहिली. पाच तुकडे, पाचही ८६ सेकंदांच्या आत, आणि खाली लिहिले होते, ‘विश्रांती पुरी घेतली.’ मामा म्हणून मला त्या शेवटच्या ओळीचे अधिक कौतुक वाटले.